उन्हाचा हिशेब

प्रस्तावना

ऊन ही आपल्या देशात कोणालाही विकत घ्यावी न लागणारी संपत्ती आहे. धान्य वाळवायला, पापड-कुरडया सुकवायला, गाद्या तापवायला आपण पिढ्यान्‌पिढ्या उन्हाचा उपयोग करत आलो आहोत. त्याच उन्हापासून वीज तयार करून तिच्यावर आपली सायकल चालवता येईल का? येईल. मात्र त्यासाठी साहित्याच्या आधी हिशेब जमवावा लागतो. हा हिशेब कसा मांडावा, तो मांडल्यावर कोणते काम घरी करावे आणि कोणते करू नये, हे प्रस्तुत पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
- बॅटरीत किती वीज मावते, हे काढता येईल;
- सौर पॅनेलची निवड कारणासह सांगता येईल;
- घरगुती सौर चार्जर जोडताना घ्यायची काळजी स्पष्ट करता येईल;
- तांत्रिक माहिती सोप्या व नेमक्या मराठीत लिहिता येईल.

मूळ पाठ

१. दोन प्रयत्न

सूर्यप्रकाशापासून विजेचा प्रवाह निर्माण होतो, ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांना १८३९ साली आढळली. प्रत्यक्ष वापरता येईल असा सिलिकॉनचा सौर घट मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्केच ऊर्जेची तो वीज करी. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले वीस टक्के किंवा त्याहून थोडी अधिक ऊर्जा विजेत बदलतात.

विजेवर चालणाऱ्या साध्या, स्वस्त वाहनाचा विचार महाराष्ट्रात लवकर झाला. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाचे कष्ट कमी व्हावेत म्हणून बॅटरीवर चालणारी रिक्षा तयार केली. पुढे २००८ साली दिल्लीच्या चांदणी चौकात ‘सोलेकशॉ’ ही रिक्षा रस्त्यावर आली. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ती विकसित केली होती आणि तिच्या बॅटऱ्या सौर केंद्रावर भरण्याची योजना होती. पॅनेल वाहनाच्या डोक्यावर नव्हते, ते एका जागी स्थिर होते, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सायकलीवर मावेल एवढे लहान पॅनेल फार थोडी वीज देते. पॅनेल गच्चीवर आणि बॅटरी घरात, हीच रचना व्यवहार्य ठरते.

२. मुरलीपुऱ्यातील एक गच्ची

उदाहरणासाठी आपण जयपूर शहरातील मुरलीपुरा ही वस्ती घेऊ. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकणारे अनेक अध्ययनार्थी अशाच शहरी वस्त्यांतून राहतात. सीकर मार्गालगतच्या या भागाजवळ विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. घर आणि कारखाना यांतील चार-सहा किलोमीटरांचे अंतर रोज कापणाऱ्या कामगाराला विजेची सायकल सोयीची असते. शिवाय राजस्थानात उन्हाला तोटा नाही.

समजा, सायकलीची बॅटरी लिथियमची असून तिच्यावर ‘३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास’ असे छापलेले आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की बॅटरीत किती ऊर्जा मावते ते कळते :

३६ × १० = ३६० वॅट-तास

एक हजार वॅट-तास म्हणजे विजेच्या बिलावरील एक युनिट. म्हणजे ही बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते. अधूनमधून पायडल मारणारा स्वार तेवढ्यावर साधारणपणे पंचवीस किलोमीटर जाऊ शकतो.

आता उन्हाची बाजू पाहू. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे भर उन्हातील, पण घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचे असतात. दिवसभराच्या कमीजास्त उन्हाची बेरीज केली, तर जयपुरात वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे पाच तासांचे भर ऊन मिळते असे धरता येते. ५० वॅटांची तीन पॅनेले घेतली, तर :

१५० × ५ = ७५० वॅट-तास

धूळ, उष्णता, वायर आणि नियंत्रक यांत तीस टक्के ऊर्जा जाते असे मानू. उरतात ५२५ वॅट-तास. आपली गरज ३६० ची. म्हणजे स्वच्छ दिवशी बॅटरी पूर्ण भरेल आणि ढगाळ दिवशी निम्मेच ऊन मिळाले तरी ती निम्म्याहून अधिक भरेल.

३. दोनच पॅनेले का चालत नाहीत?

येथे पुष्कळांची गल्लत होते. दोन पॅनेलांनी वॅट पुरतील, मग तिसरे कशासाठी? याचे उत्तर वॅटमध्ये नसून व्होल्टमध्ये आहे. पाण्याची टाकी नळापेक्षा उंच असल्याशिवाय नळाला पाणी येत नाही. तसेच पॅनेलचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा जास्त असल्याशिवाय वीज बॅटरीकडे वाहत नाही. ३६ व्होल्टांची लिथियम बॅटरी पूर्ण भरते तेव्हा तिचा दाब ४२ व्होल्ट असतो. बाजारात ‘१२ व्होल्टांचे’ म्हणून मिळणारे पॅनेल काम करताना सुमारे १८ व्होल्ट देते. अशी दोन एकापुढे एक जोडली तर ३६ व्होल्ट होतात. ते अपुरे आहेत. तीन जोडली तर ५४ होतात.

पण ५४ तरी कायम राहतात का? तेही नाही. सौर घट तापला की त्याचा दाब उतरतो. दर अंशाला साधारण ०.३ टक्के घट होते. मे-जूनमध्ये जयपूरच्या गच्चीवर पॅनेलचे तापमान ६५ अंशांवर जाते. म्हणजे मानक तापमानापेक्षा ते ४० अंशांनी वाढते आणि दाब बारा टक्क्यांनी घटून सुमारे ४७ व्होल्ट उरतो. तो ४२ च्या वर आहे, म्हणून काम चालते. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हा समज अर्धाच खरा आहे : पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. म्हणून पॅनेल गच्चीच्या फरशीला चिकटवू नये. खालून वारा खेळेल एवढी जागा सोडावी.

४. सत्तावीस अंशांचा उतार

पॅनेल कोणत्या दिशेला आणि किती तिरपे ठेवावे? आपण उत्तर गोलार्धात राहतो, म्हणून त्याचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि कल त्या गावाच्या अक्षांशाएवढा असावा, हा वर्षभरासाठीचा सोपा नियम आहे. जयपूरचा अक्षांश सुमारे २७ अंश आहे.

या कोनाचा नमुना जयपुरात सुमारे तीनशे वर्षांपासून उभा आहे. सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या जंतरमंतर वेधशाळेतील सम्राट यंत्र ही एक प्रचंड सूर्यघटिका आहे. तिच्या सुमारे २७ मीटर उंच त्रिकोणी भिंतीची तिरपी कड उत्तरेकडे २७ अंशांनी चढत जाते. त्या कडेला समांतर ठेवलेले पॅनेल आपोआप दक्षिणाभिमुख आणि योग्य कलाचे होते. २०१० साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेली ही वास्तू सूर्याची चाल मोजण्यासाठी उभारली गेली होती. आपणही गच्चीवर उभे राहून तेच करतो. फरक एवढाच, की आपल्याला वेळेऐवजी वीज मोजायची असते.

५. जोडणी आणि काळजी

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्जिंग नियंत्रक हवाच. तो पॅनेलचा चढउतार होणारा दाब बॅटरीला सोसेल असा करतो. तो विकत घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, तो लिथियम बॅटरीसाठी असून ४२ व्होल्टांवर थांबतो का? शिसे-आम्ल बॅटरीसाठीचे नियंत्रक स्वस्त मिळतात. परंतु त्यांची चार्ज करण्याची रीत निराळी असते आणि ती लिथियमला घातक ठरू शकते. दुसरी, तो किती दाब सोसतो? काही न जोडता ठेवलेल्या तीन पॅनेलांचा एकत्रित दाब सुमारे ६६ व्होल्ट असतो आणि थंडीच्या सकाळी ७० पर्यंत चढतो. तिसरी, बॅटरीकडे जाणाऱ्या प्रवाहाला मर्यादा घालता येते का? सायकलीसोबत मिळालेल्या चार्जरवर दोन अँपिअर छापलेले असतील, तर येथेही दोनच ठेवावेत. भर दुपारी त्यामुळे थोडी वीज वाया जाईल, पण बॅटरी सुरक्षित राहील.

पॅनेलला बटण नसते. त्यावर प्रकाश पडला की वीज सुरू होते. म्हणून जोडणी करताना पॅनेलवर जाड कापड टाकावे. मल्टीमीटरने आधी प्रत्येक पॅनेलचा, नंतर तिन्हींचा दाब मोजावा. धन आणि ऋण टोके ओळखून त्यांवर खुणा कराव्यात. बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा. एकदिश प्रवाहासाठी बनवलेलेच फ्यूज आणि स्विच वापरावेत. नियंत्रकाच्या माहितीपत्रकात दिलेला जोडणीचा क्रम मोडू नये. पहिल्या दिवशी बॅटरी भरेपर्यंत जवळ थांबून दाब पाहत राहावा. तो ४२ च्या पुढे जाऊ लागला, तर पॅनेल तत्काळ सोडवावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम सोप्या शब्दांत असा : पॅनेल उन्हात, बॅटरी सावलीत. लिथियम बॅटरी ४५ अंशांहून अधिक तापमानात चार्ज करू नये, आणि उन्हाळ्यात गच्चीवर हे तापमान सहज ओलांडले जाते. बॅटरी खाली, हवेशीर जागी, लाकूड-कपड्यांपासून दूर ठेवावी. झोपण्याच्या खोलीत किंवा घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर ती कधीही चार्ज करू नये. कारण लिथियमची आग भडकली तर पळायला क्षणांचाच अवधी मिळतो. बॅटरीची पेटी उघडून आतील जोडण्या बदलणे आणि पॅनेलची वीज घराच्या वायरिंगमध्ये सोडणे, ही दोन कामे घरी मुळीच करू नयेत.

६. हिशेबाची दुसरी बाजू

हा चार्जर परवडतो का? एका चार्जसाठी मीटरची अर्धा युनिट वीज लागते असे धरू. दर युनिटाला आठ रुपये मानले, तर खर्च चार रुपये येतो. वर्षात तीनशे वेळा बॅटरी भरली, तरी बचत बाराशे रुपयांची. केवळ पैशांसाठी हा खटाटोप करणाऱ्याने आधी पॅनेल, नियंत्रक आणि लोखंडी चौकट यांची किंमत या आकड्याशी ताडून पाहावी. ज्याची सायकल दिवसभर कारखान्याच्या आवारात उभी असते, त्याच्या घरच्या गच्चीवरचे ऊन आठवड्याच्या सुट्टीपुरतेच कामाचे असते. ज्याचे स्वतःचे घर आहे, त्याला २०२४ साली सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजनेतून छतावर सौर संच बसवून नेहमीच्याच चार्जरने सायकल भरणे अधिक सोयीचे पडेल.

मग घरगुती चार्जर कोणासाठी? जेथे वीज वारंवार जाते, जेथे स्वतंत्र मीटर नाही, जेथे सायकल दिवसा घरी असते, अशांसाठी. आणि ज्याला हे काम शिकून त्यावर पोट भरायचे आहे, त्याच्यासाठी तर नक्कीच.

शिक्षण अर्धवट राहिले म्हणून हे आपल्याला जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. जयपूरपासून फार दूर नसलेल्या अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया गावी बंकर रॉय यांनी १९७२ साली बेअरफूट कॉलेजची स्थापना केली. तेथे भारतातील आणि आफ्रिकेसह इतर खंडांतील अनेक खेडूत स्त्रिया सौर दिवे आणि त्यांचे नियंत्रक जोडण्यास शिकल्या. त्यांतील कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. एकमेकींची भाषाही कळत नव्हती. रंग, खुणा आणि पुनःपुन्हा करून पाहणे यांच्या आधारे सहा महिन्यांत त्या तयार झाल्या आणि गावी परतून त्यांनी घरे उजळली. पदवी नसली तरी चालते, हे त्यांनी दाखवले. पण मोजमाप नसले तर चालत नाही, हेही त्यांच्या कामातून दिसते. तारेचा रंग चुकला तर दिवा लागत नाही, मग तो जोडणारा कितीही शिकलेला असो.

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) एक युनिट म्हणजे ......... वॅट-तास.
(आ) ३६ व्होल्टांची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर तिचा दाब ......... व्होल्ट असतो.
(इ) जयपुरात पॅनेलचा कल सुमारे ......... अंश ठेवावा.

२. चूक की बरोबर ते सांगा.
(अ) पॅनेल जितके तापेल तितका त्याचा दाब वाढतो.
(आ) पॅनेलवर प्रकाश पडताच वीज निर्माण होऊ लागते.

तुम्ही काय शिकलात?

- व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकाराने बॅटरीची ऊर्जा कळते.
- पॅनेल निवडताना वॅटबरोबर दाबाचाही विचार करावा लागतो.
- नियंत्रक, फ्यूज आणि सावली यांवाचून घरगुती चार्जर सुरक्षित होत नाही.
- लाभ आणि खर्च ताडून मगच कामाला हात घालावा.

शब्दार्थ

अक्षांश – विषुववृत्तापासूनचे कोनात्मक अंतर. अभिमुख – तोंड असलेला. व्यवहार्य – प्रत्यक्षात आणता येण्याजोगे. सूर्यघटिका – सावलीवरून वेळ दाखवणारे साधन. ताडून पाहणे – तुलना करून तपासणे.

पाठान्त प्रश्न

१. तीन पॅनेले घेण्यामागील कारण नळ आणि टाकीच्या दाखल्याने स्पष्ट करा.
२. ‘पॅनेल उन्हात, बॅटरी सावलीत’ या विधानाचा अर्थ चार-पाच वाक्यांत लिहा.
३. तुमच्या शेजाऱ्याच्या सायकलीची बॅटरी ४८ व्होल्ट, १२ अँपिअर-तास आहे. तिच्यात किती ऊर्जा मावते ते काढा आणि घरगुती सौर चार्जर त्याला उपयोगी पडेल का, याविषयी त्याला पत्र लिहा.
४. तुमच्या गावाचा अक्षांश शोधा आणि तेथे पॅनेल किती तिरपे ठेवाल ते सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) एक हजार (आ) ४२ (इ) २७
२. (अ) चूक (आ) बरोबर