रोप टाकण्याआधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद

ही कृती काळ्या पाषाणावर वसलेल्या, कालवा न पोचलेल्या गावांसाठी आहे. पारनेर, माण, आष्टी या तालुक्यांत अशी गावं कितीतरी सापडतील. मुहूर्त एकच : परतीचा पाऊस थांबल्यावर आणि उन्हाळी कांद्याचं रोप टाकायच्या आधी. रोप वाफ्यात उगवून आलं की कुणी कुणाचं ऐकत नाही.

साहित्य फार लागत नाही. वजन बांधलेली मोजपट्टी, लाल रंगाचा डबा, दोनशे लिटरचं पिंप, तलाठ्याकडची पीकपाहणी आणि एक जाड वही. ग्रामपंचायतीच्या छपरावर पर्जन्यमापक असेल तर उत्तम. नसेल तर सरळ भिंतीचा कुठलाही डबा झाडाझुडपांपासून दूर ठेवून रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी पट्टीने मोजलं तरी चालतं. महसूल मंडळाचा आकडा आयता मिळतो, पण शेजारच्या गावात धो धो आणि आपल्याकडे नुसतं आभाळ, हे आता नवं राहिलेलं नाही.

आधी पाऊस मांडा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. उदाहरणादाखल गावाचं क्षेत्र 1000 हेक्टर आणि पाऊस 450 मिलिमीटर धरू. झाले 450 कोटी लिटर. सभेत हा आकडा सांगितला की लोक खूश होतात, म्हणून तो सभेत सांगू नका. यातलं बरंच पाणी उडून जातं, काही मातीत मुरून पिकांना मिळतं, काही ओढ्याने गाव सोडतं. शिवाय हेच 450 मिलिमीटर पस्तीस दिवसांत रिमझिम पडले तर विहिरी चढतात आणि सहा-सात तडाख्यांत कोसळले तर बांध फुटतात. हल्ली दुसरा प्रकार वाढला आहे. ‘यंदा सरासरी गाठली’ एवढ्यावर पीक ठरवायचे दिवस गेले. वहीत पावसाच्या आकड्याशेजारी तो किती तासांत पडला हेही लिहा आणि हिशोब मात्र विहिरीवरून करा.

आता विहिरी. गावातल्या आठ-दहा विहिरी निवडा : काही माथ्याकडच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या. सरपंचांची विहीर घ्यायची की नाही यावर वाद घालू नका, घ्या. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून मोजा. मोजणी पहाटे, मोटार रात्रभर बंद असताना करायची. तासाभरापूर्वी मोटार चाललेली असेल तर पाणी अजून चढत असतं आणि आकडा खोटा येतो. वजन पाण्याला टेकलं की पट्टी सैल पडते. वर उचलून पुन्हा सोडायची, दोनदा तोच आकडा आला तरच लिहायचा. खुणेची जमिनीपासूनची उंची वजा करायला विसरू नका.

मे महिन्यातल्या पातळीपेक्षा पाणी सरासरी किती मीटर वर आलं, ते काढा. समजा तीन मीटर. डोंगरउतार सोडून विहिरींखालचं क्षेत्र 700 हेक्टर. आपल्या बेसाल्ट खडकात शंभर घनमीटरमागे साधारण दोन घनमीटर पाणीच हाती लागतं. म्हणजे 70 लाख चौरस मीटर गुणिले 3, त्याचे दोन टक्के : 4 लाख 20 हजार घनमीटर, अर्थात 42 कोटी लिटर. यंदाची जमा एवढीच. पाझर तलावातलं उघडं पाणी यात धरू नका. त्यातलं पुष्कळसं उन्हात उडेल, उरेल ते जनावरांना.

जमेच्या सत्तर टक्क्यांवर थांबायचं. भूजल खातंही सत्तरच्या पुढे उपसा गेला की धोक्याची पहिली पायरी मानतं. हाती राहिले सुमारे 29 कोटी.

खर्चात पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. माणशी रोज 55 लिटर, गाय-म्हशीला 60, शेळीला 7 धरा. मुदत मात्र सात जूनपर्यंत नको, 31 जुलैपर्यंत मोजा. मृग कोरडा जाणं आता कुणाला नवं वाटत नाही. दोन हजार माणसं, सहाशे गुरं, आठशे शेळ्या : नोव्हेंबरपासून नऊ महिन्यांचे जवळपास सव्वाचार कोटी लिटर. पिकांना उरले पंचवीस कोटी.

पिकाला किती लागतं हे पुस्तकात पाहण्याआधी आपल्या मोटारीला विचारा. दोनशे लिटरचं पिंप पंचवीस सेकंदांत भरलं तर मोटार तासाला 28,800 लिटर फेकते. एकराची एक पाळी आठ तासांत होत असेल तर एका पाळीला सव्वादोन लाख लिटरच्या वर गेले. तीन पाळ्यांचा हरभरा सात लाखांत बसतो. कांद्याला चोवीस लाख धरा, उसाला वर्षाकाठी ऐंशी लाख तरी. पंचवीस कोटींत सुमारे साडेतीनशे एकर हरभरा होईल, किंवा शंभर एकर कांदा, किंवा तीस एकर ऊस. सभेत हेच वाक्य सांगायचं आणि गप्प बसायचं.

वाटणीला मात्र वेळ द्या, भांडण इथेच होतं. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने 1972च्या दुष्काळानंतर पाणी जमिनीवर न वाटता माणसांवर वाटलं : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी आहे आणि पीक पाऊस पाहून ठरतं. तुम्ही कुठलाही नियम घ्या, पण एकरांत घ्या आणि कुटुंबाच्या नावापुढे लिहा. ‘पाणी जपून वापरू’ असा ठराव कुणालाच अडवत नाही, म्हणून तर तो एकमताने मंजूर होतो. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा, कागदावर ठेवू नका.

जानेवारी आणि मार्चमध्ये त्याच विहिरी, त्याच खुणांवरून पुन्हा मोजा. जानेवारीत पातळी ठरल्यापेक्षा खाली गेली असेल तर उन्हाळी भुईमूग आणि चाऱ्याची मका कमी करायची, हे ऑक्टोबरच्या ठरावातच लिहून ठेवलेलं बरं. मेअखेरीची मोजणी टाळू नका, पुढच्या वर्षाची जमा तिच्यावरूनच निघते. आणि तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या की दोन टक्क्यांचा तो ठोकताळा तुमच्या शिवाराला दीड लागू पडतो की अडीच, हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या तालुक्याला येणाऱ्या भूवैज्ञानिकाला वही दाखवून ठरवून घ्या.