फटक्याआधीची धाव: १६ ते १९ वयोगटासाठी आक्रमणाचा दीड तासाचा सराव

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना रंगात आलेला असतो. गोलकीपरसमोर एकटा सापडलेला फॉरवर्ड चेंडू बारवरून मारतो आणि गॅलरीतून त्याचा उद्धार सुरू होतो. प्रशिक्षकाने अशा वेळी त्याआधीचे तीन-चार सेकंद आठवावेत. पास उशिरा सुटला होता का? धाव लवकर निघाली होती का? चेंडू मागच्या पायात अडकला होता का? गोल हुकण्याचं कारण बहुतेक वेळा तिथे सापडतं.

सराव मात्र फटक्याचाच होतो. बॉक्सच्या टोकाला रांग, प्रशिक्षक चेंडू सरकवणार, पोरगा मारणार आणि चेंडू आणायला पळणार. चौदा जणांची रांग आणि एका फटक्याला वीस सेकंद धरले, तर पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन फटके येतात. तेही समोर कुणी आडवा नसताना.

खालच्या सरावात वॉर्मअप, पासची ओळख करून देणारी दुसरी पायरी आणि शेवटची पायरी सोडली, तर सगळीकडे समोर अडवणारा माणूस आहे. आक्रमणाच्या काही पायऱ्यांना वेळेचं बंधनही आहे. हा सराव १४ खेळाडू आणि २ गोलकीपर धरून लिहिला आहे.

साहित्य

- ५ नंबरचे चेंडू, किमान १०. नियमाप्रमाणे हवा ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर. मैदान मुरमाड असेल तर हवा खालच्या बाजूला ठेवा, चेंडू कमी उसळतो.
- मार्कर ३०, दोन रंगांचे बिब, शिट्टी, घड्याळ
- एक पक्का गोलपोस्ट आणि एक हलवता येणारा. दुसरा नसेल तर ७.३२ मीटर अंतरावर दोन काठ्या रोवा.
- पाणी, वही आणि पेन

मैदानाची आखणी

अर्धं मैदान घ्या. पेनल्टी बॉक्सच्या आणि गोल एरियाच्या उभ्या रेषा मार्कर लावून मध्यरेषेपर्यंत वाढवा. ६८ मीटर रुंदीच्या मैदानावर त्यातून पाच पट्टे तयार होतात: कडेचे दोन साधारण १४ मीटरचे, त्यांच्या आतले दोन ११ मीटरचे आणि मधला १८ मीटरचा. मैदान अरुंद असेल तर कडेचे पट्टे लहान होतील, त्याने बिघडत नाही.

या पट्ट्यांचा उपयोग एकाच नियमापुरता: आक्रमण करताना एका पट्ट्यात तिघे दिसले की त्यातला एक चुकीच्या जागी आहे.

पायरी १: वॉर्मअप (२० मिनिटं)

फिफाचा ‘११ प्लस’ हा क्रम १४ वर्षांवरील खेळाडूंसाठीच बनवलेला आहे. आधी ८ मिनिटं संथ धावणं आणि सांधे मोकळे करणं, मग १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी २ मिनिटं वेगाच्या धावा. या वयात शरीर अजून वाढत असतं आणि पोरं पहिल्याच चेंडूला जीव खाऊन फटका मारतात. मांडीच्या मागचा स्नायू किंवा जांघ धरली की दोन-तीन आठवडे गेलेच. त्यामुळे उशिरा आलेल्यालाही वॉर्मअप माफ नाही.

पायरी २: तिसरा माणूस (१० मिनिटं)

तीन गट करा: पाच, पाच आणि चार. ‘अ’पासून १५ मीटरवर ‘ब’, त्याच्या पाठीमागे बचावपटू म्हणून एक मार्कर. ‘ब’च्या बाजूला ८ मीटरवर ‘क’. उरलेले ‘अ’च्या मागे.

1. ‘ब’ दोन पावलं चेंडूकडे येतो, तेव्हाच ‘अ’ त्याला जमिनीलगत पास देतो.
2. ‘ब’ एका टचमध्ये चेंडू ‘क’कडे ठेवतो.
3. चेंडू ‘क’कडे निघताक्षणी ‘ब’ मार्करला वळसा घालून पुढे पळतो. ‘क’च्या पायात चेंडू येईपर्यंत वाट पाहायची नाही.
4. ‘क’ एका किंवा दोन टचमध्ये मार्करच्या मागे, ‘ब’च्या धावेपुढे चेंडू सोडतो.
5. ‘अ’ जातो ‘क’च्या जागी, ‘क’ जातो ‘ब’च्या जागी, ‘ब’ चेंडू घेऊन रांगेत येतो.

इथे ‘क’च्या अंगाकडे लक्ष द्या. तो ‘ब’कडे तोंड करून सरळ उभा असेल, तर पुढचा पास द्यायला त्याला आधी वळावं लागेल. तो तिरका, अर्धा गोलकडे तोंड करून उभा हवा. पाच मिनिटांनी ‘क’ची बाजू बदला, म्हणजे डावा पायही कामाला लागतो.

पायरी ३: दोघांविरुद्ध एक, मग तिघांविरुद्ध दोन (१५ मिनिटं)

सात-सातचे दोन गट करा. एक पक्क्या गोलकडे, दुसरा शेजारच्या भागात उलट दिशेने दुसऱ्या गोलकडे. दोन्हीकडे गोलकीपर. प्रत्येक गटात हल्ला करणाऱ्या दोन जोड्या आणि आळीपाळीने अडवणारे तिघे.

1. बचावपटू बॉक्सच्या रेषेवरून, गोलपासून ३० मीटरवर उभ्या असलेल्या जोडीला पास देतो. चेंडू पोचला की खेळ सुरू. फटका ८ सेकंदांत गेला पाहिजे.
2. चेंडूवाला थेट बचावपटूच्या अंगावर जातो. बाजूने लांब पळाला तर बचावपटू मधेच उभा राहून दोघांनाही सांभाळतो.
3. बचावपटूने पाऊल टाकलं, म्हणजे अंतर दोन-तीन मीटरवर आलं, की पास सोडायचा. सात-आठ मीटरवरून दिलेल्या पासवर बचावपटू आरामात सरकतो.
4. बचावपटू पासच्या वाटेवर झुकला तर पास द्यायचाच नाही. स्वतः आत शिरायचं.
5. साथीदार चेंडूच्या अर्धा मीटर मागे राहतो.

पाचवा मुद्दा पोरांना नियमासकट समजावून सांगा. पास सुटताना जो चेंडूच्या रेषेत किंवा मागे असतो, तो कधीच ऑफसाइड होत नाही. इथे गोलकीपर आणि एकच बचावपटू असल्यामुळे साथीदार उतावळेपणाने चेंडू आणि बचावपटू या दोघांच्या पुढे गेला, की सोन्यासारखी संधी झेंड्यावर जाते.

सात मिनिटांनी तिघांविरुद्ध दोन करा. आता हल्ला करणाऱ्यांच्या ५ मीटर मागून तिसरा बचावपटू पाठलागाला सोडा आणि सातव्या खेळाडूला चेंडू सुरू करायला ठेवा. पाठलाग करणारा असला की ‘लवकर’ असं ओरडावं लागत नाही.

पायरी ४: कडेने आक्रमण आणि मागे ओढलेला पास (१५ मिनिटं)

दोन्ही बाजूंना एक विंगर आणि एक फुलबॅक, मध्ये पास देणारा एक, बॉक्समध्ये धावणाऱ्या तिघांच्या दोन तुकड्या आणि बचावाला आधी दोघे, पाच मिनिटांनी तिसरा. डावी-उजवी बाजू आलटून पालटून.

1. मधला खेळाडू विंगरला पास देतो. विंगर चेंडू घेऊन आतल्या पट्ट्यात येतो.
2. फुलबॅक त्याच्या बाहेरून पळतो. विंगर त्याच्या पुढ्यात चेंडू सोडतो.
3. फुलबॅक गोलरेषेपर्यंत पोचेपर्यंत बॉक्समध्ये तीन धावा होतात: पहिला जवळच्या पोस्टकडे, दुसरा लांबच्या पोस्टकडे, तिसरा पेनल्टी स्पॉटच्या आसपास, म्हणजे गोलपासून ११-१२ मीटरवर.
4. फुलबॅक मान वर करतो. पोस्टजवळ कुणी मोकळा असेल तर क्रॉस, नाहीतर जमिनीलगत जोरकस पास मागे, तिसऱ्याकडे.
5. फटका पहिल्या टचमध्ये, पायाच्या आतल्या भागाने.

सगळा जीव तिसऱ्या धावेत आहे. पहिले दोघे गोलकडे सुटले की बचावपटू त्यांच्यासोबत आपल्याच गोलकडे तोंड करून धावत सुटतात आणि स्पॉटजवळची जागा रिकामी होते. तिसरा त्या लाटेत वाहून गेला तर ती जागा वापरायला कुणीच उरत नाही. पोरांना हे थांबणं अवघड जातं, कारण गोल समोर दिसत असतो. तिसऱ्याला एकच सांगा: ‘ते पळाले की तू दोन पावलं थांब, मग ये.’ शिवाय गोलरेषेवरून पास मागे येतो, म्हणजे घेणारा चेंडूच्या मागे असतो आणि ऑफसाइडचा प्रश्नच उरत नाही.

पायरी ५: कॉर्नर (८ मिनिटं)

भारताचा फिफा विश्वचषकातला पहिला गोल कॉर्नरवरूनच आला. ९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली, १७ वर्षांखालील स्पर्धा, समोर कोलंबिया. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने हेडर मारून बरोबरी केली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच संघात होता. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल केला आणि सामना १-२ असा गेला. या दोन मिनिटांतून सरावासाठी दोन गोष्टी घ्या: कॉर्नरची आखणी आणि गोलनंतरची शिस्त. दुसरी पुढच्या पायरीत येते.

1. बॉक्सच्या टोकापासून चौघे धावत येतात: एक जवळच्या पोस्टकडे, एक गोलकीपरसमोर, दोघे मागच्या बाजूला. उभ्याने उडी मारण्यापेक्षा धावत आलेल्याची उडी उंच जाते.
2. एक जण परत आलेल्या चेंडूसाठी बॉक्सबाहेर, दोघे मध्यरेषेजवळ. उरलेले बचावाला.
3. कॉर्नर मारणारा मारल्याबरोबर मैदानात आत येतो. कॉर्नरवर थेट ऑफसाइड नसतो, पण चेंडू साथीदाराला लागून त्याच्याकडे परत आला तर बहुधा तोच ऑफसाइड ठरतो.

हेडर प्रत्येकी चार-पाच पुरे. बाकीच्या फेऱ्यांत चेंडू हाताने झेलून धावांची वेळ तपासा.

पायरी ६: अटीचा सामना (१७ मिनिटं)

साधारण ५० बाय ४५ मीटरच्या जागेत सात अधिक गोलकीपर विरुद्ध सात अधिक गोलकीपर.

- पहिली ६ मिनिटं: मागे ओढलेल्या पासवरचा गोल दोन धरायचा.
- पुढची ६ मिनिटं: चेंडू हिसकावल्यापासून १० सेकंदांत झालेला गोल दोन धरायचा.
- शेवटची ५ मिनिटं: कुठलीच अट नाही.

गोल झाला की नाचायला वेळ नाही. तुम्ही लगेच दुसरा चेंडू गोल खाल्लेल्या संघाकडे सोडा. गोल करणारे पटकन जागेवर आले नाहीत तर गोल खातील आणि धडा आपोआप मिळेल.

पायरी ७: शांत होणं (५ मिनिटं)

चालणं, हलकं ताणणं, पाणी. भाषण नको. दोघांना विचारा, ‘आज कुठला गोल सगळ्यात सोपा झाला, आणि का?’

अडचण आली तर

- *दोघांविरुद्ध एकमध्ये गोलच होत नाहीत:* पास लवकर सुटतोय. बॉक्सबाहेर तीन मीटरवर मार्करची रेषा लावा आणि तिच्या अलीकडून पास द्यायला बंदी घाला.
- *बचावपटू ढिले खेळतायत:* त्यांनी चेंडू काढून मध्यरेषा ओलांडली तर त्यांना एक गुण द्या.
- *प्रत्येक क्रॉस पहिल्याच बचावपटूला लागतो:* फुलबॅक मान खाली घालून मारतोय. मारण्याआधी त्याने बॉक्समधल्या एकाचं नाव घ्यायला हवं.
- *बारावीच्या क्लासमुळे दहाच जण आले:* पायरी ४ एकाच बाजूने घ्या आणि सामना पाच विरुद्ध पाच, लहान गोलवर, गोलकीपर न ठेवता.
- *एप्रिल-मेचं ऊन:* सकाळी साडेसहाला सुरू करा, दर पंधरा मिनिटांनी पाणी द्या, पायरी ४ दहा मिनिटांवर आणा.

आठवड्यात कधी

सामना रविवारी असेल तर हा पूर्ण सराव मंगळवारी किंवा बुधवारी घ्या. शुक्रवारनंतर वेगाच्या धावा आणि जोराचे फटके टाळा. शनिवारी वेगाच्या धावा वगळून वॉर्मअप, पायरी २ आणि चार-पाच कॉर्नर एवढंच.

पुढच्या सामन्यात राखीव खेळाडूच्या हातात वही द्या आणि तीन रकाने आखा: बॉक्समधून मारलेले फटके, बाहेरून मारलेले फटके आणि गोलरेषेवरून मागे दिलेले पास. तीन-चार सामन्यांनी पाने उलटून पाहा. बाहेरचेच फटके जास्त असतील तर पायरी ३ची वेळ वाढवा. बॉक्समधले वाढले पण मागे दिलेले पास वाढले नाहीत, तर पायरी ४ आठवड्यातून दोनदा घ्या. तिन्ही रकाने भरत असतील आणि गोल तेवढे होत नसतील, तर मात्र खुशाल फटक्यांचा वेगळा सराव लावा. फक्त रांग तिघांपेक्षा मोठी होऊ देऊ नका.