ग्रामसभा, जनसुनवाई आणि हिशेबाचे वाचन

स्थानिक स्वराज्य संस्थेची सभा लोकांना खुली असणे आणि तिचा कारभार लोकांना उघड असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीसाठी सभागृहाचे दार उघडे ठेवले म्हणजे पुरते. दुसरीसाठी दप्तर उघडावे लागते. आपल्या देशातील पंचायत राज्याच्या इतिहासात पहिल्या गोष्टीची तरतूद तुलनेने सहज झाली. दुसरीसाठी मात्र लोकांना दीर्घकाळ झगडावे लागले. हा झगडा प्रामुख्याने राजस्थानात झाला, आणि प्रस्तुत प्रकरणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आधी ग्रामसभेचे वैधानिक स्वरूप पाहू. २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. पंचायत क्षेत्रातील गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत अशा सर्व व्यक्ती मिळून ग्रामसभा होते. तिचा सभासद होण्यासाठी निवडून यावे लागत नाही. मतदार असणे एवढीच पात्रता. विधानसभेत किंवा संसदेत मतदाराच्या वतीने दुसरा कोणी बोलतो. ग्रामसभेत, निदान तत्त्वतः, तो स्वतःच बोलतो. परंतु या सभेने नेमके काय करावे हे संविधानाने सांगितलेले नाही. तिचे अधिकार व कार्ये राज्याच्या विधिमंडळाने कायद्याने ठरवावीत, एवढेच अनुच्छेद २४३-क मध्ये म्हटले आहे. साहजिकच राज्याराज्यांत मोठी तफावत पडली. काही ठिकाणी ग्रामसभेला लाभार्थी निवडण्याचा व खर्चाला मान्यता देण्याचा अधिकार मिळाला, तर काही ठिकाणी अहवाल ऐकून घेण्यापलीकडे तिला फारसे काम उरले नाही.

प्रत्यक्षात सभा कशी भरते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढील वर्णन अनोळखी वाटणार नाही. दवंडी पिटली जाते अथवा फलकावर सूचना लागते. सभेच्या दिवशी उपस्थितीची वही हातोहात फिरते. सह्या आणि अंगठे उमटतात. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नसेल तर थोड्याच माणसांत सारे विषय मंजूर होऊन जातात. मग वर्षाचा खर्च वाचला जातो. रस्त्यांवर इतका, शाळेच्या दुरुस्तीवर इतका, विहिरींवर इतका. आकडे एकगठ्ठा असतात आणि एकगठ्ठा आकड्याला प्रश्न विचारणे कोणालाही अवघड जाते. लोक गप्प बसतात. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद होते. या शांततेला लोकांची उदासीनता असे नाव देण्याची प्रशासनात प्रथा आहे. ती प्रथा न्याय्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्याच्या हाती कागद नाही त्याने विचारावे तरी काय?

हा प्रश्न राजस्थानातील मजुरांपुढे अगदी रोकड्या स्वरूपात उभा राहिला. तेथील दुष्काळी कामांवर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची जुनी रीत होती. दुष्काळी कामावरील मजुरालाही किमान वेतन दिलेच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. निर्णय स्पष्ट होता, तरीही कामाच्या जागी फारसा फरक पडला नाही. मजूर कमी वेतनाची तक्रार घेऊन गेले की त्यांना उत्तर मिळे, तुम्ही कामच कमी केले, मापात तसे दिसते. माप लिहिलेली वही कोठे आहे असे विचारले की, ती सरकारी दप्तर असल्याने दाखवता येत नाही. म्हणजे मजुराने दिवसभर काय केले याचा एकमेव पुरावा मजुरालाच पाहण्याची मनाई होती.

भीम तहसिलीतील देवडुंगरी या लहानशा वस्तीत अरुणा रॉय, शंकर सिंह व निखिल डे हे कार्यकर्ते १९८७ पासून राहत होते. श्रीमती रॉय या पूर्वी भारतीय प्रशासन सेवेत होत्या. ती नोकरी त्यांनी १९७५ मध्ये सोडली होती. या परिसरातील शेतकरी व मजूर यांची ‘मजदूर किसान शक्ती संघटना’ १ मे १९९० रोजी स्थापन झाली. आरंभीची काही वर्षे संघटनेने उपोषणे केली, धरणी धरली. त्यातून हळूहळू एक गोष्ट उमगली, की मजुरीचे भांडण हे मुळात कागदाचे भांडण आहे.

त्या उमजातून जनसुनवाई ही पद्धती निघाली. (मराठीत जनसुनावणी हा शब्द रूढ आहे, परंतु त्याने सरकारने बोलावलेल्या सुनावणीचा बोध होण्याचा संभव असल्याने येथे मूळ शब्दच ठेवला आहे.) पहिली जनसुनवाई २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना येथे भरली. हे गाव त्या वेळी पाली जिल्ह्यात होते. सभेपूर्वीची तयारी सभेहून अधिक महत्त्वाची होती. एका सहानुभूतीशील अधिकाऱ्यामुळे पंचायतीच्या कामांचे कागद पाहावयास मिळाले. त्यांत हजेरीपट होते, म्हणजे महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांवर ज्याला सर्रास ‘मस्टर’ म्हणतात ते. शिवाय सामानाची बिले आणि प्रमाणके होती. कार्यकर्त्यांनी त्यांची कामवार विभागणी केली आणि ते घेऊन घरोघर गेले. या तलावावर तू इतके दिवस होतास काय? या बिलात दाखवलेल्या दगडाच्या गाड्या कोणी पाहिल्या? अशी विचारपूस झाल्यावर मगच मंडप घातला गेला, ध्वनिक्षेपक लागला, बाहेरगावच्या काही निःपक्ष व्यक्तींना बोलावले गेले. ज्यांच्यावर आक्षेप येण्याचा संभव होता त्या पदाधिकाऱ्यांनाही बाजू मांडण्याचे निमंत्रण होते.

मग कागद मोठ्याने वाचले गेले. एवढेच. यात भाषणाचा आवेश नव्हता किंवा घोषणांची आवश्यकता नव्हती. काम, तारीख, नाव, दिवस, रक्कम. आणि ज्याचे नाव वाचले तो किंवा ती समोर बसलेली. मी त्या कामावर कधी गेलेच नाही, असे एक जण सांगे. मला इतके पैसे मिळालेच नाहीत, असे दुसरी सांगे. या व पुढील जनसुनवायांत मृतांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावेही हजेरीपटावर निघाली. कोटकिराना येथे तर एका इमारतीला छप्पर, दारे, खिडक्या यांपैकी काहीच नसताना ती कागदोपत्री पूर्ण झालेली होती. तिचे लेखापरीक्षण झालेले होते, उपयोगिता प्रमाणपत्रही दिलेले होते. सरकारी लेखापरीक्षकाची तेथे फसगत झाली, असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. त्याने कागद कागदाशी ताडून पाहिला, आणि कागद एकमेकांशी जुळत होते. इमारतीला छप्पर नाही हे ठाऊक असलेली माणसे मात्र लेखापरीक्षणाच्या वेळी खोलीबाहेर होती.

जनसुनवाईचे बळ याच ठिकाणी आहे. कारभाराचे ज्ञान दोन तुकड्यांत विभागलेले असते. काय लिहिले आहे ते कार्यालयाला माहीत असते आणि काय घडले ते गावाला माहीत असते. हे दोन तुकडे एकत्र येत नाहीत तोवर लेखापरीक्षक आणि ग्रामसभा दोघेही अर्धेच पाहतात. मोठ्याने वाचण्याने आणखी एक अडचण दूर झाली. अक्षरओळख नसलेली स्त्रीदेखील आपल्या नावापुढचा आकडा ऐकू शकत होती आणि तो खोटा आहे असे सांगू शकत होती. साक्षरता ही नागरिकत्वाची पूर्वअट मानणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

याची प्रतिक्रिया उमटल्यावाचून राहिली नाही. ग्रामसेवकांनी दप्तर दाखवण्यास संघटितपणे विरोध केला. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी पंचायतीच्या कागदपत्रांच्या प्रती नागरिकांना मिळतील असे विधानसभेत जाहीर केले, परंतु वर्षभर त्याचा आदेश निघाला नाही. तेव्हा एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर शहरात चांग गेटजवळ लोक धरणे धरून बसले. ते चाळीस दिवस चालले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा याच आंदोलनातून सर्वदूर पोहोचली. पुढच्या वर्षी राजधानी जयपूर येथे पुन्हा त्रेपन्न दिवसांचे धरणे झाले. त्याच्या अखेरीस, जुलै १९९७ मध्ये, सरकारकडून असे सांगण्यात आले, की प्रती देण्याची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात प्रसिद्ध झालेली आहे! कागद पाहण्याच्या हक्काचा कागदच लोकांना पाहावयास मिळाला नव्हता. राजस्थानचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००० मध्ये आणि केंद्राचा २००५ मध्ये संमत झाला.

२००५ च्याच राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेवर कामांच्या सामाजिक लेखापरीक्षणाची जबाबदारी सोपवली आणि हजेरीपट, बिले, मोजमाप पुस्तिका तिच्यापुढे ठेवण्याचे बंधन पंचायतीवर घातले. लोकांनी मंडपात सुरू केलेली रीत अशा प्रकारे कायद्यात आली. पण कायद्यात येताना एक पेच निर्माण झाला. जनसुनवाई लोकांनी बोलावलेली होती. ग्रामसभा बोलावतो सरपंच, आणि सामान्यतः अध्यक्षस्थानीही तोच असतो. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्यानेच तपासणीची सभा चालवावी, हे विपरीत होय. म्हणून अशा सभेचे अध्यक्षपद कामाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे असावे असे मार्गदर्शक सूचनांत सांगितले गेले, आणि २०११ च्या नियमांनी प्रत्येक राज्यात तपासणीसाठी स्वतंत्र यंत्रणा अपेक्षिली. आंध्र प्रदेशाने अशी स्वतंत्र संस्था त्याआधीच उभारली होती. अनेक राज्यांत मात्र ती कागदावर राहिली अथवा काम करवून घेणाऱ्या खात्याच्याच पैशावर अवलंबून राहिली.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सभेत अपहार उघड झाला म्हणजे रक्कम वसूल होतेच असे नाही; त्यासाठी पुन्हा त्याच प्रशासनाकडे जावे लागते. शिवाय मंडप उतरल्यानंतर साक्ष देणारा मजूर त्याच गावात, बहुधा त्याच सावकाराच्या वा जमीनदाराच्या शेजारी राहणार असतो. बोलण्याचे धैर्य जातीवर, जमिनीवर आणि स्त्री असण्यानसण्यावर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, ती यामुळेच समर्थनीय ठरते. सभेचा आकार हाही एक प्रश्न आहे. केरळातील पंचायती लोकसंख्येने मोठ्या असल्याने तेथील १९९४ च्या कायद्याने ग्रामसभा प्रभागाप्रमाणे भरवण्याची व्यवस्था केली. तसे न करता एकाच मैदानात सर्वांना बोलावले असते तर कोणाचे नाव कोणी ओळखले असते?

शहरांची स्थिती याहून कठीण आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. परंतु त्यांची रचना राज्यांवर सोडली, आणि मतदारांच्या सभेची ग्रामसभेसारखी तरतूद संविधानात केली नाही. शहरी मतदार माहितीच्या अधिकारात गटाराच्या कामाची मोजमाप पुस्तिका मिळवू शकतो. ती ज्यांच्यापुढे वाचावी असे त्याच गल्लीतले शेजारी त्याला एकत्र भेटतील अशी सभा कायद्याने त्याला क्वचितच मिळते.