घोडा का अडला?

मराठी घरांतून मुलांना घातले जाणारे एक जुने कोडे आपणही ऐकले असेल. भाकरी का करपली, विड्याचे पान का सडले, घोडा का अडला, अशा तीन प्रश्नांना मिळून एकच उत्तर द्यायचे असते: न फिरवल्यामुळे. तव्यावरची भाकरी उलटली नाही, टोपलीतली पाने वरखाली केली नाहीत आणि तबेल्यात बांधलेला घोडा रोज फेरीला नेला नाही, असा त्याचा अर्थ. कोडे रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पागेतला, खाऊनपिऊन सुस्तावलेला घोडा असावा. पाठीवर किंवा मागे ओझे घेऊन दिवसभर राबणाऱ्या घोड्याची गोष्ट वेगळी आहे. तो अडतो त्याची कारणे अनेक असतात, आणि ती ओळखण्यावर त्याचे आरोग्य व त्याच्या मालकाची रोजीरोटी अवलंबून असते. या पाठात आपण असा घोडा पाहणार आहोत, तोही वाराणसी नगरीतला.

काशीतील कष्टाचा घोडा

वाराणसीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. पंचगंगा, ब्रह्मा, दुर्गा या घाटांच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म याच नगरीत, मोरोपंत तांबे यांच्या घरी झाला. घोडदौड मात्र त्या बिठूरला शिकल्या. राणीचे चित्र घोड्याशिवाय काढले जात नाही. त्या घोड्याला रोज खरारा करणारा, त्याचे खूर उचलून पाहणारा मोतद्दार कोणत्याही चित्रात दिसत नाही, हेही येथे नोंदवायला हवे.

एकेकाळी काशीयात्रेला येणारा प्रवासी स्टेशनाबाहेर पडला की एक्का किंवा टांगा करी. ऑटोरिक्षा आणि त्यांच्या पाठोपाठ ई-रिक्षा आल्यावर हा धंदा ओसरत गेला. तरीही घोडा या परिसरातून गेलेला नाही. तो वीटभट्ट्यांवर गाडी ओढतो, लग्नसराईत नवरदेवाला पाठीवर घेऊन मिरवतो, आणि गंगेचे पाणी ओसरल्यावर पूर्व तीरावर जी विस्तीर्ण रेती उघडी पडते तिच्यावर पर्यटकांना फिरवतो. बहुतेक मालकांजवळ एकच जनावर असते. ते चार दिवस बसले की घरातली चूलही थंडावते. त्यामुळे लंगडणाऱ्या घोड्यालाही गाडीला जुंपण्याचा मोह होतो, आणि चार दिवसांचे दुखणे चार महिन्यांवर जाते.

अडणे ही त्याची भाषा

घोडा हा मुळात कळपाने राहणारा आणि संकट दिसताच पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. अगदी कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग तेवढा दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाणाऱ्याला तो लाथ झाडतो. तो दुष्टावा नसतो. कोण आले हे त्याला कळलेले नसते, एवढेच. जाणता माणूस नेहमी बाजूने, शक्यतो डाव्या खांद्याकडून, हळू आवाजात बोलत जवळ जातो आणि मागच्या बाजूला जाताना एक हात त्याच्या अंगावर ठेवतो.

त्याचे कान म्हणजे त्याच्या मनाचा काटा आहे. कान पुढे टवकारले असतील तर तो काहीतरी पाहत असतो; मागे, मानेला चिकटून पडले असतील तर तो चिडलेला किंवा वेदनेत असतो. एक मागचा पाय सैल सोडून उभा असेल तर विश्रांती घेत आहे असे समजावे. पण पुढचा पाय पुन्हा पुन्हा पुढे टेकवून त्याच्यावरचा भार काढत असेल, तर त्या पायाला दुखापत आहे हे निश्चित.

आता तो रस्त्यात अडला असे समजू. एक्केवाला चाबूक उचलतो. चाबकाने घोडा कदाचित चार पावले चालेलही, पण तो का अडला होता ते कळणार नाही. खुरात खडा रुतला असेल, तंगाखाली जखम झाली असेल, दाढेच्या धारेने गाल सोलला असल्यामुळे लगाम टोचत असेल, उन्हाने जीव कासावीस झाला असेल किंवा समोरच्या वरातीतल्या फटाक्यांनी तो बिथरला असेल. या प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. चाबूक त्यांपैकी एकाही कारणावरचा उपाय नाही.

सकाळची दहा मिनिटे

घोड्याची तपासणी गाडी जुंपण्यापूर्वी करावी. प्रथम दुरूनच पाहावे. रात्रीची वैरण संपली आहे का? लीद नेहमीसारखी, ओलसर गोळ्यांची आहे का? नंतर खरारा करावा. खरारा केवळ अंग चकचकीत करण्यासाठी नसतो. हात अंगभर फिरल्याने सूज, गाठ, गोचीड, जखम हाताला लागते. निरोगी घोड्याच्या हिरड्या गुलाबी व ओलसर असतात. हिरडीवर बोट दाबून सोडले तर पांढरा पडलेला भाग सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. विश्रांतीच्या वेळी त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण 28 ते 44 असतात आणि शरीराचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते. जबड्याच्या आतल्या कडेला बोटे ठेवून नाडी मोजण्याची सवय केली, तर घड्याळाखेरीज कोणतेही साधन लागत नाही.

यानंतरचे काम खुरांचे. चारही खूर उचलून आतली घाण काढावी. खुराच्या तळाशी मधोमध एक त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो. तो काळा, पिचपिचीत झाला आणि त्याला दुर्गंधी येऊ लागली, तर खूर कुजू लागले असे समजावे. लिदीत व चिखलात उभ्या राहणाऱ्या जनावरांत हा विकार फार. खूर दरमहा सुमारे एक सेंटिमीटर वाढते; म्हणून नाल झिजली नसली तरी सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून नाल पुन्हा ठोकून घ्यावी. खुरापेक्षा लहान नाल ठोकून खूरच कानशीने घासून तिच्या मापाचे करणारा नालबंद टाळलेला बरा. पावलाच्या मापाचा जोडा घ्यायचा असतो, जोड्याच्या मापाचे पाऊल करायचे नसते.

साज रोज पुसावा. वाळलेल्या घामाने पट्टा कडक होतो आणि कातडी सोलतो. टोके किंवा काटे असलेला लगाम वापरणे तर कायद्यानेच निषिद्ध आहे. लंगडेपणावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा अजूनही काही ठिकाणी दिसते. तिने मूळ दुखणे जात नाही, त्यात भाजल्याची वेदना मात्र वाढते.

पोट आणि पाणी

घोडा ओकू शकत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि पुढची आतडी लांबलचक, वळणावळणांची असतात. निसर्गाने त्याला दिवसभर थोडे थोडे गवत खाण्यासाठी घडवले आहे. आपण मात्र त्याला सकाळ-संध्याकाळ भरपेट दाणा घालतो. येथूनच पोटशूळ सुरू होतो. वैरण हा त्याच्या आहाराचा पाया आहे, चंदी ही वरची भर. कोरडा चारा व दाणा मिळून वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे 250 किलो वजनाच्या तट्टाला दिवसाला पाच किलोच्या आसपास खाद्य लागते. जड कामाच्या दिवसांत थोडे अधिक. त्यातला दाणा, मग तो भिजवलेला हरभरा असो वा भरडलेला जव, दिवसातून तीन वेळा विभागून द्यावा. खाद्यात बदल करायचा तर तो आठ-दहा दिवसांत, हळूहळू करावा. हिवाळ्यात काशीच्या आसपास हिरवा बरसीम मुबलक मिळतो. तो एकदम पोटभर घातला तर पोटात वायू धरतो.

रेतीवरच्या घोड्यांना आणखी एक धोका असतो. चारा जमिनीवर टाकला की त्याच्याबरोबर वाळूही पोटात जाते. ती आतड्यात साचत राहते आणि एके दिवशी मार्ग अडवते. आपल्या पूर्वजांनी तोबरा काही उगाच शिवला नव्हता. दाणा तोबऱ्यात आणि चारा टोपल्यात किंवा हौद्यात, एवढा एक नियम पाळला तरी रेतीवरचे पुष्कळसे पोटशूळ टळतात.

घोडा वारंवार वळून कुशीकडे पाहू लागला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, घामेजून लोळू लागला आणि लीद बंद झाली, तर तो पोटशूळ आहे. दाणा-चारा ताबडतोब काढून घ्यावा आणि पशुवैद्याला बोलवावे. तो जोराने लोळत असेल तर त्याला हळूहळू चालवावे. तेल, काढा किंवा दारू नळकांड्याने घशात ओतू नये. ते फुप्फुसात उतरले तर पोटाचे दुखणे राहते बाजूला आणि घोडा श्वासाने जातो. उत्तर प्रदेशात काय किंवा महाराष्ट्रात काय, 1962 या क्रमांकावर फोन केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

ऊन आणि पाऊस

मे-जूनमध्ये वाराणसीत पारा चाळिशी ओलांडतो. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 साली केलेले केंद्र सरकारचे नियम अशा वेळी आठवावेत. तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळात जनावराला जुंपता येत नाही. दिवसभरात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. गाडीवानाशिवाय चारच प्रवासी बसवता येतात. सहा वर्षांखालील मुले त्यात धरलेली नाहीत. हे नियम मोडले जातात हे कोणीही रस्त्यावर उभे राहून पाहू शकेल. पण ते मालकाच्या हिताचेच आहेत. उन्हात कोसळलेला घोडा दुसऱ्या दिवशीची फेरीही बुडवतो.

तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. तहानेल्या जनावराला पाणी द्यावे, थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा. घोड्याला एरवीही दिवसाला 25 लिटरांच्या आसपास पाणी लागते, आणि उन्हाळ्यात व कामात ते दुपटीवर जाते. तो धापा टाकत असेल, घाम येणेच थांबले असेल, तर सावलीत नेऊन त्याच्या सर्वांगावर गार पाणी ओतत राहावे. घामावाटे मीठ जाते, म्हणून खाद्यात मीठ असावे.

पावसाळ्यात चिंता उलटी होते. चारा भिजून बुरशी धरतो आणि चावणाऱ्या मोठ्या माश्या वाढतात. या माश्यांमुळे सर्रा नावाचा रोग पसरतो: ताप येतो-जातो, पायांवर व पोटाखाली सूज चढते, घोडा दिवसेंदिवस वाळत जातो. कोरडी जागा आणि उन्हाळ्यातच साठवलेली कोरडी वैरण हाच पावसाळ्याचा खरा आधार. ही दूरदृष्टी मराठी वाचकाला नवी नाही. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. आज मनास येईल तसा दाणा-गवत उधळलात तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. आगट्या आणि दिव्यांच्या निष्काळजीपणाने गवताच्या गंजींना आग लागेल, ही सूचनाही त्यात आहे. पशुपालनावरची याहून नेमकी पाने मराठीत फार नाहीत.

लपवू नये असा रोग

आतापर्यंतची दुखणी मालकाची आणि त्याच्या घोड्याची होती. ग्लँडर्स हा रोग तसा नाही. नाकातून घट्ट, पिवळसर चिकट स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, ताप, खोकला आणि पायांच्या आतल्या बाजूने माळेसारख्या उठून फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे. एकाच हौद्यात पाणी पिणाऱ्या, एकाच तोबऱ्यात खाणाऱ्या जनावरांत तो पसरतो आणि माणसालाही होतो. माणसात तो प्राणघातक ठरू शकतो. या रोगावर लस नाही. भारतात तो दीर्घकाळ दिसेनासा झाला होता. 2006 साली महाराष्ट्रात पुन्हा आढळला आणि पुढे उत्तर प्रदेशासह इतर राज्यांतही सापडला.

संशय आल्यास रक्ताचा नमुना तपासतात; हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीसाठी देशभर ओळखले जाते. रोग निश्चित झाला तर 2009 च्या कायद्यानुसार घोड्याला वेदनारहित मृत्यू देऊन खोल पुरावे लागते. शासन भरपाई देते. पण ज्याचे एकमेव जनावर जाते, त्याला ती अपुरीच वाटणार. म्हणूनच कोणी नाक पुसून घोडा रातोरात दुसऱ्या जिल्ह्याच्या बाजारात विकतो. त्या बाजारातून रोग दहा दावणींवर पोहोचतो, आणि विकणाऱ्याच्या घरात, त्याच घोड्याला रोज चारा घालणाऱ्या मुलाला ताप येऊ शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नाक वाहणारा घोडा दिसला तर त्याला प्रथम वेगळे बांधावे, त्याची बादली व तोबरा वेगळा करावा, हातावर जखम असलेल्याने त्याला शिवू नये, आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

स्वाध्याय

1. पाठाच्या आरंभी दिलेले कोड्याचे उत्तर कष्टाच्या घोड्याला का पुरत नाही, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

2. खरारा, तोबरा, चंदी, मोतद्दार, नालबंद, तंग या शब्दांचे अर्थ घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. आपल्या भागात त्यांना दुसरे शब्द असल्यास तेही नोंदवा.

3. एका एक्केवाल्याच्या घोड्याचे नाक वाहत आहे आणि उद्या घोड्यांचा बाजार आहे. एक्केवाला आणि त्याची पत्नी यांच्यातील संवाद लिहा.

4. आपल्या परिसरातील एखाद्या राबणाऱ्या जनावराचे दहा मिनिटे निरीक्षण करा आणि त्याचे कान, पाय, उभे राहणे यांवरून आपल्याला काय समजले ते लिहा.