‘अगं, एम-वन कोण वाचतं?’

वायडी म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावं लागतं, ते सुखी लोक आहेत. मी त्यांच्यासाठी लिहीत नाहीये. औशाहून, उदगीरहून, निलंग्याहून पेटी घेऊन पुण्यात आलेल्या ज्या पोरी लोकल ऑथरचं पुस्तक उशाला घेऊन निर्धास्त झोपतायत, त्यांच्यासाठी लिहितेय. आणि थोडं स्वतःसाठीही. कारण आमच्या घरात अजून सगळ्यांचं मत हेच, की पोरगी पुण्यात जाऊन बिघडली. मी बिघडले नाही. एका विषयात अडकले, आणि तो विषय वाचायचाच नसतो असं मला शिकवलं गेलं होतं.

शिकवणारी माझी रूम पार्टनर. नाव लिहीत नाही, सगळ्या तिला ताईच म्हणायच्या. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याचा वरचा मजला, कॉट बेसिसवर तीन कॉट, खिडकीला लावलेली दोरी आणि तिच्यावर कायम ओले टॉवेल. ताई आमच्याच भागातली, माझ्याहून दोन वर्षं पुढे. पहिल्या आठवड्यात तिनं मला मेस दाखवली, अप्पा बळवंत चौकात नेऊन जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळवून दिली, बसचा पास काढून दिला. हे तिचे उपकार मी नाकारत नाही. पण तिथूनच तिचा शब्द म्हणजे माझ्यासाठी कायदा झाला.

दिवाळी उरकून कॉलेज सुरू झालं, २०२२ साली. बारावीला मी लातूरला होते. तिथं दर आठवड्याला टेस्ट, टेस्टचा नंबर भिंतीवर, नंबर घसरला की सरांचा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन. पुण्यात कुणी काही विचारेचना. लेक्चरला बसलीस काय, नाही काय. ७५ टक्के अटेंडन्सची यादी लागली की तेवढी धावपळ. मला वाटलं, हेच ते स्वातंत्र्य. प्रत्यक्षात मला स्वतःहून अभ्यासाला बसायची सवयच नव्हती. लातूरला मला कुणीतरी बसवत होतं, मी फक्त बसत होते. हे कळायला मला दोन वर्षं लागली, तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.

तर एम-वन, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमचं गणित. टेलर, मॅक्लॉरिन, फूरिये सिरीज. इन-सेमला ३० पैकी ११ आले आणि मी रडले. ताई हसली. ‘अगं, एम-वन कोण वाचतं? आदल्या रात्री होतं ते. नाही झालं तर एटीकेटी आहेच की. निम्मे क्रेडिट असले की पुढच्या वर्षात.’ एंड-सेमला ७० पैकी २१ आले. एकूण ३२, म्हणजे नापास. ताई म्हणाली, ‘काढू गं पुढच्या सेमला.’ पुढच्या सेमला एम-टू, मेकॅनिक्स, ग्राफिक्स एकदम अंगावर आलं. तेव्हा ती म्हणाली, ‘आता एम-वनमध्ये वेळ घालवू नकोस, हे पाच काढ.’ मी एम-वनच्या परीक्षेला बसले, पण धड न वाचता.

आणि मी रात्री काय करायचे? ताईच्या फाइली लिहायचे. माझं अक्षर चांगलं ना! सबमिशनच्या आठवड्यात तिची जर्नल्स, तिच्या मैत्रिणीची जर्नल्स. माझ्या स्वतःच्या ग्राफिक्सच्या शीट्स मी जीटी मारून दिल्या. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग: दोन स्टुलांवर आडवी काच, खाली मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्याच्या शीटवर आपली शीट. एका रात्रीत चार शीट्स होतात आणि डोक्यात शून्य जातं. माझ्या जीटी मारलेल्या आयसोमेट्रिकला सरांनी ‘गुड’ लिहिलं होतं. ज्या शीटवरून मारली, तिच्यावर काहीच नव्हतं.

ताई त्या वेळी कुठं असायची? ‘चहाला जाऊन येते’ म्हणायची. रात्री नऊला. साडेबाराला परत. मी दोन वर्षं समजत होते, हिचं बाहेर कुणीतरी आहे.

दुसरं वर्ष तसंच गेलं. हिवाळ्यात एम-वन पुन्हा राहिला, २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा. बाकी सगळं सुटलं. दुसऱ्या वर्षाचे विषय तर सगळे पहिल्या फटक्यात, हे कुणी लक्षात घेत नाही. जुलैत तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला गेले. स्टुडंट सेक्शनच्या खिडकीतल्या मॅडमनी मार्कशीट पाहिली, चष्मा वर केला. ‘एफई ऑल क्लिअर नाही. नॉट एलिजिबल.’ मी म्हटलं, ‘मॅडम, एकच विषय आहे. निम्मे क्रेडिट लागतात ना?’ त्या म्हणाल्या, ‘ते सेकंड इयरला जायला. थर्ड इयरला पहिलं वर्ष पूर्ण लागतं. नियम वाचत नाही का तुम्ही? पुढचा.’

पुढचा! माझ्या मागे खरंच एक मुलगा उभा होता आणि तो माझ्या खांद्यावरून हात घालून आपला फॉर्म आत सरकवत होता. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट, त्यातले माझे ४० झालेले. उरलेल्या चारांनी वर्ष खाल्लं. हीच ती वायडी, इयर डाउन. ताईचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. आमच्या बॅचच्या २०१९ पॅटर्नच्या नियमांत ते दोन ओळींत लिहिलेलं आहे, आणि दुसरी ओळ मी कधी वाचलीच नव्हती.

त्याच महिन्यात सरकारचा निर्णय आला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ. अण्णांनी आनंदानं फोन केला. ‘माय, फी माफ झाली गं तुमची!’ मी त्या वर्षी कुठल्याच वर्गात नव्हते. हे त्यांना सांगायला मला आणखी अकरा दिवस लागले, आणि तोवर मामांनी एक स्थळही आणून ठेवलं होतं.

पण खरा चटका खिडकीवर बसला नाही, खोलीवर बसला. ताई पास होऊन जूनमध्येच गेली होती, हिंजवडीला नोकरी लागली म्हणून. तिच्या कॉटखाली एक खोकं राहिलं होतं, रद्दीत घाल म्हणाली होती. मी ते उघडलं. वर तुटका सेट-स्क्वेअर, ड्राफ्टरचा स्क्रू, आणि खाली २०० पानी वही. कव्हरवर: एम-वन. आत विद्यापीठाच्या मागच्या पाच परीक्षांचे पेपर सोडवलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर तारीख आणि वेळ. ‘९.१५ ते ११.४५, अभ्यासिका.’ चुकलेलं गणित लाल पेननं पुन्हा. समासात स्वतःलाच लिहिलेलं: ऑयलर थिअरम परत बघ.

मी फरशीवर बसून ती वही शेवटच्या पानापर्यंत चाळली. वही जुनी, पण वेळ तीच. म्हणजे चहा नव्हताच. अभ्यासिकेत खुर्ची होती, महिन्याची फी भरून. मला त्या खुर्चीचा पत्ताही सांगितला नाही. मग तिला मेसेज केला, वहीचा फोटो टाकून. उत्तर आलं: ‘अगं मी गमतीत म्हणायचे, तू सिरियसली घेतलंस?’ आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा.

आता जे सांगायचं ते. हॉस्टेलवर, मेसमध्ये, कट्ट्यावर सगळेच ‘काही वाचलं नाही यार’ म्हणतात. निम्म्यांचं खरं असतं, ते माझ्यासारखे. उरलेल्यांचं खोटं असतं, ते पुढे जातात. त्यामुळे कोण काय म्हणतं ते ऐकू नका. नऊ वाजता कोण कुठं जातं ते बघा आणि मागोमाग जा. खुर्ची घ्या. घरून पैसे कमी येत असतील तर मेसचं रविवारचं संध्याकाळचं जेवण तसंही बंद असतं, त्या रात्रीची पावभाजी टाळा.

एम-वनचं माझं गणित असं: शेवटच्या चार युनिटांना एंड-सेमला १५-१५ मार्क होते. त्यातली शेवटची दोन, मॅट्रिक्सची, म्हणजे रँक आणि आयगेन व्हॅल्यू. हात बसला की चूक फक्त बेरजेत होते. मी चारदा पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरू केलं आणि चारदा पार्शल डिफरन्शिएशनमध्ये दमले. पाचव्यांदा मागून सुरू केलं. सोडवलेलं उदाहरण वाचू नका, वाचताना सगळं येतंय असं वाटतं. झाका आणि लिहा. घड्याळ लावून. ही पद्धत माझी नाही, त्या वहीतली आहे, पण वही माझ्या हाताखालीच होती तर श्रेय कुणाला द्यायचं ते मी ठरवीन.

निकाल लागला की उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज करा, मुदत चुकवू नका; मार्क वाढोत न वाढोत, आपण कुठं फाटलो ते दिसतं. माझा तिसरा पेपर मागवला तेव्हा कळलं, एका प्रश्नाचा पुढचा भाग मी लिहायचाच विसरले होते. नियमांची पुस्तिका पूर्ण वाचा. नवीन मुलांचा पॅटर्न २०२४ चा आहे, माझे आकडे तुम्हाला लागू होतीलच असं नाही, म्हणून तर म्हणतेय वाचा. सीनियरला विचारू नका. जीटी मारायचीच तर एक शीट आधी स्वतः काढा. दुसऱ्याच्या फाइली लिहू नका, अक्षर कितीही चांगलं असो. वेळेवर झोपा, नाश्ता करा वगैरे आहेच.

राहायची सोय बघत असाल तर विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचा अर्ज आधी भरा. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली ग्रामीण मुलांसाठी सुरू केलेली संस्था आहे. मी अर्ज भरला नाही, कारण ताई म्हणाली होती तिथं फार शिस्त आहे.

आणि वर्ष गेलं तर पहिल्या दिवशी घरी सांगा. अकरा दिवस फोनवर ‘कॉलेजला चाललेय’ म्हणणं हे नापास होण्यापेक्षा दमवणारं आहे. आई शेवटी एवढंच म्हणाली, ‘जेवलीस का?’ अण्णा चार दिवस बोलले नाहीत, मामा अजूनही बोलतात.

२०२४ च्या हिवाळ्यात एम-वन सुटला. ६१ मार्क. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे, त्याच खोलीत, खिडकीजवळच्या कॉटवर. मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. तिच्या धाकट्या भावाला ॲडमिशन मिळालीय, ती वही अजून आहे का, कुरिअर करशील का? मी म्हटलं, झेरॉक्स पाठवते. पानाला दोन रुपयांप्रमाणे दोनशे पानांचे चारशे होतात, आधी पाठव.

पैसे अजून आलेले नाहीत.