आरोग्य : चिक्की कोणाची, यापेक्षा कशी केली ते पाहू

पावसाळ्यात तुंगार्ली धरणाकडे पर्यटकांची रीघ लागते आणि परतताना बहुतेकांच्या हातात चिक्की असते. आपल्या वस्त्यांतही चिक्की, पापड, लोणचे, शेंगदाण्याची चटणी विकायला येते. काही घरांत आपल्या मायभगिनीच ती बनवतात. मग विश्वास कशावर ठेवायचा?

मोठ्या नावावर डोळे मिटून ठेवू नये. डिसेंबर २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने लोणावळ्याच्या प्रसिद्ध मगनलाल चिक्कीचे उत्पादन आणि विक्री थांबवण्याचा आदेश दिला होता. अन्नसुरक्षा कायद्यातील अटी पाळल्या नाहीत, हे त्याचे कारण होते.

आडनाव पाहून माल नाकारणे तर त्याहून वाईट. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा विटाळाच्या समजुतीने लोक तिकडे फिरकत नव्हते. राजर्षी शाहू महाराज तिथे गाडी थांबवून स्वतः चहा घेत आणि सोबतच्यांनाही पाजत. रोगजंतूंना जात कळत नाही. ते न धुतलेल्या हातांतून, दूषित पाण्यातून आणि माश्यांमुळे पसरतात.

म्हणून घेताना आपण एवढे पाहू :

१. शेंगदाणा : दमट हवेत शेंगदाण्याला बुरशी लागते. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते व यकृताला इजा करते. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. कडू, काळपट, सुरकुतलेले दाणे फेकावेत. नीट दाण्यांत मिसळू नयेत.

२. गूळ : फार पिवळाधमक, चकचकीत गूळ दिसला तर विचारावे. रंग उजळण्यासाठी रसायन वापरलेले असू शकते.

३. वेष्टन : बनवल्याची तारीख, घटक, वजन, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पाहावा.

४. कागद : भजी, वडा वर्तमानपत्रात घेऊ नये. शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात.

५. विक्रेता : हात, नखे, पाणी, झाकण पाहावे. "ताई, कधी केली?" असे विचारण्यात अपमान नाही.

बनवणाऱ्या भगिनींनीही हे प्रश्न आपलेच समजावेत. नोंदणी करून घ्यावी, पाकिटावर तारीख लिहावी, कोणत्या दिवशी कोणता माल वापरला ते वहीत टिपावे. मग तक्रार आली तर दोष शोधता येतो आणि बाकीचा माल वाचतो. माल खराब निघाला तर पैसे परत द्यावेत, गिऱ्हाईक टिकते.

भेसळीची शंका आली तर पाकीट आणि पावती जपून ठेवावी व अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

तपासून स्वीकारा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ते ताटातल्या घासालाही लागू आहे. या आठवड्यात घरातले एक पाकीट मुलांसोबत वाचून पाहा.

जय भीम!