दोन वह्या : हवामानाची आणि तापाची



रावेर तालुक्यात केळी लावणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, आपल्या महसूल मंडळाचे हवामान केंद्र कुठे उभे आहे, हे त्याला ठाऊक असते. शासनाच्या 'महावेध' प्रकल्पातून मंडळवार बसवलेली ही स्वयंचलित केंद्रे तापमान, पाऊस, आर्द्रता आणि वारा टिपत राहतात. हवामान आधारित फळपीक विमा योजनेचा हिशेब त्या आकड्यांवर चालतो. मे महिन्यात पारा ठरलेल्या अंशांवर गेला आणि सलग ठरलेले दिवस तिथेच राहिला, किंवा हिवाळ्यात तो तसाच खाली घसरला, तर भरपाई मिळते. म्हणून शेतकरी या आकड्यांवर नजर ठेवतो, वेळ आली तर भांडतोही. ते योग्यच आहे. केळी हे त्याचे वर्षभराचे पोट आहे.

त्याच बागांत सातपुड्याच्या पायथ्यावरून आणि पालच्या बाजूच्या पाड्यांवरून पावरा, बारेला, भिल्ल, तडवी मजूर येतात. निंदणी, घड कापणे, गाडी भरणे ही कामे त्यांची. बागेतल्या झाडाला किती ऊन लागले याची नोंद दर दिवशी होते. झाडाखालच्या माणसाला ताप कधी भरला, चक्कर कधी आली, याची नोंद मात्र बहुतेक वेळा कुठेच नसते. हवामानावरून रोगाचा अंदाज बांधण्याचे शास्त्र काय सांगते आणि ते आपल्या पाड्यांपर्यंत कशामुळे पोहोचत नाही, याचा अभ्यास या अंकात करू.

आधी मलेरिया, म्हणजे हिवताप. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी दिसला, हे आपण शाळेत शिकलो. त्या शोधातला हवामानाचा धागा कमी लोकांना माहीत असतो. डास रोग्याला चावला म्हणजे लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकतो असे नाही. परोपजीवी डासाच्या शरीरात वाढून तयार व्हावा लागतो आणि त्याला लागणारे दिवस उष्णतेवर ठरतात. फाल्सिपेरम या घातक जातीसाठी शास्त्रज्ञ एक सोपा हिशेब वापरतात. दिवसाच्या सरासरी तापमानातून १६ वजा करा आणि जे उरेल त्याने १११ ला भागा. जे उत्तर येते तितके दिवस परोपजीवीला लागतात.

वही-पेन घेऊन करून पाहा. सरासरी २६ अंश असेल तर १११ भागिले १०, म्हणजे सुमारे ११ दिवस. सरासरी २० असेल तर १११ भागिले ४, म्हणजे जवळजवळ २८ दिवस. डासाची मादी जगते काही आठवडेच, आणि बहुतेक माद्या त्याआधीच मरतात. म्हणून कडाक्याच्या थंडीत परोपजीवी तयार होण्याआधी डासच संपतो आणि पावसाळ्याच्या शेवटी उलट घडते. आपल्याकडच्या मे महिन्यातली ४४-४५ अंशांची आगही डासाला मानवत नाही. तेव्हा 'पृथ्वी तापली की मलेरिया वाढणार' असे सरसकट बोलणे बरोबर नाही. कुठे तो वाढेल, कुठे घटेल, आणि अनेक ठिकाणी त्याचा मोसम पुढे-मागे सरकेल.

यात आणखी दिवस मिळवावे लागतात. अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेत दहा-बारा दिवस, परोपजीवीचे दहा-बारा, आणि माणसाला चावल्यापासून ताप येईपर्यंत पुन्हा साधारण तितकेच. ऑगस्टच्या मध्याला पाऊस ओसरून नाल्यात डबकी राहिली, तर ताप सप्टेंबर संपताना दारात येतो. मधले पाच-सहा आठवडे ही आपल्या हाती असलेली सवड. मॉडेल हा शब्द मोठा वाटतो, पण त्याच्या मुळाशी हा असाच बेरजेचा हिशेब असतो.

या सवडीचा उपयोग करण्याचा प्रयत्न आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वीच झाला. पंजाबात १९०८ साली मलेरियाची भयंकर साथ आली. रिकर्ड ख्रिस्तोफर्स यांनी तिचा अभ्यास करून १९११ मध्ये अहवाल लिहिला. पावसाबरोबर त्यांनी धान्याचे भावही पाहिले होते. अतिवृष्टी आणि महागाई एकत्र आल्या की माणसे अधिक मरतात, असे त्यांना दिसले. पुढे १९२० च्या दशकात सी. ए. गिल यांनी तेथेच साथीचा पूर्वअंदाज देण्याची पद्धत बसवली. जुलै-ऑगस्टचा पाऊस, मुलांच्या वाढलेल्या पानथरीचे प्रमाण आणि गव्हाचा भाव असे आकडे ते वापरत. संगणकाचे नावही नव्हते तेव्हाची ही गोष्ट. मला त्यातला गव्हाचा भाव फार मोलाचा वाटतो. श्रावण-भाद्रपदात पाड्यावरच्या कणग्या रिकाम्या असतात आणि ताप नेमका त्यानंतर येतो. उपाशी शरीराला आलेला ताप वेगळा असतो, हे आमच्याबरोबर पाड्यावर आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे, आणि ते डेंग्यूचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील सोफिया याकूब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे शहरातले डेंग्यूचे मृत्यू आणि हवामान त्यांनी शेजारी-शेजारी मांडले. तापमान २७ अंशांवर, पावसाळ्यातील आर्द्रता ६० ते ७८ टक्के, आणि पाऊस मध्यम पण विखुरलेला, अशी तिन्ही एकत्र आली की डेंग्यू बळावतो. आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि रोग कमी होतो. मोसमभराचा एकूण पाऊस पाहून हे कळत नाही, तो कसा कसा पडला हे पाहावे लागते. या आधारे दोन महिन्यांहून अधिक आधी इशारा देता येईल, असे त्यांना आढळले. येत्या काही दशकांत, म्हणजे २०४० पर्यंत, पुण्यातील डेंग्यूचे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी वाढू शकतात, असाही त्यांचा अंदाज आहे.

हे सूत्र उचलून जसेच्या तसे रावेरला लावता येणार नाही. डेंग्यूचा डास साठवलेल्या पाण्यात वाढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात टंचाई असते, नळ आठ-आठ दिवसांनी येतो, म्हणून हौद, पिंप, रांजण भरून ठेवावे लागतात. म्हणजे पाऊस नसतानाही डासाची सोय होते. शिवाय हवामान केंद्र खाली केळीच्या पट्ट्यात आणि पाडा वर डोंगरात. तीन-चारशे मीटर चढलो की हवा दोनेक अंशांनी गार होते. वरचा हिशेब पुन्हा आठवा, थंडीच्या तोंडावर दोन अंशांनी कितीतरी दिवसांचा फरक पडतो.

रोग म्हणजे फक्त डासांचे रोग नव्हेत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसे अधिक दगावली. हा आकडा कळला कसा? मृत्यूची नोंद तारखेसह होती म्हणून. ती पाऱ्याच्या नोंदीशेजारी ठेवल्यावर किती अंशांवर धोका वाढतो ते दिसले आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला. आपल्याकडे हा प्रश्न आणखी बिकट आहे. सातपुड्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले किंवा ताप आला, की कोयत्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकण्याचा धोका वाढतो आणि असह्य वेदना सुरू होतात. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ पासून चालू आहे, रक्त तपासले जात आहे, कार्डे मिळत आहेत. पण कार्ड खिशात असलेला तरुण ४४ अंशांत गाडी भरत असेल, तर त्या दिवशीचा पारा हा त्याच्या औषधोपचाराचाच भाग समजायला हवा. दाट बागेत वारा खेळत नाही, खालून ओल असते, घाम वाळत नाही. केंद्रावरच्या आकड्यापेक्षा तिथला त्रास जास्त.

या सगळ्या उदाहरणांत वह्या दोन आहेत. एक हवामानाची, दुसरी आजाराची. पहिली आपल्या तालुक्यात केळीमुळे चांगली लिहिली जाते. दुसरी कोरी आहे. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदी असतात, पण मजूर कामाच्या गावी आजारी पडतो, खासगी दवाखान्यात सुई घेतो, बरे वाटेना म्हणून पाड्यावर परततो आणि मग भगताकडे जातो. रक्त तपासलेच जात नाही. काहीजण तर बऱ्हाणपूरकडच्या शिवारात कामाला जातात, म्हणजे राज्यही बदलते. उद्या कोणी या भागाचे मॉडेल तयार केले, तर पाड्याच्या जागी त्याला शून्य दिसेल आणि शून्य म्हणजे रोग नाही असा अर्थ लावला जाईल. फवारणी आणि मच्छरदाण्या मग जिथे आकडे आहेत तिथे जातील.

म्हणून आमच्या स्वयंसेवक बहिणींना मी एक साधी वही करायला सांगते. ताप सुरू झाल्याची तारीख, पाडा, वय, गेल्या तीन आठवड्यांत कामाला कुठे होता, रक्त तपासले का, काय निघाले. नाव वहीत नको, ते आशाताईंच्या नोंदीत असते. ताप दिसला की आधी तपासणीला पाठवायचे आणि वही नंतर लिहायची, हा क्रम मोडायचा नाही. दर आठवड्याला ती आरोग्यसेवकाला दाखवायची.

सर्वांत अवघड रकाना तारखेचा आहे. म्हाताऱ्या आजीला तारीख विचारली तर ती सांगते, पोळ्याच्या आदल्या बाजारी अंग तापले. हे उत्तर चांगले आहे. पोळा कॅलेंडरवर सापडतो, बाजाराचा वारही ठरलेला असतो, तेवढ्यावरून तारीख काढता येते. म्हणून प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्याला आम्ही आतून त्या वर्षाचे कॅलेंडर चिकटवतो आणि बाजाराच्या वारांना लाल गोल करतो.